दोन आसांची गाडी

शाळेच्या मागच्या आवारात, सायकलींच्या शेडला लागून, आमची होडी तिच्या गाडीवर बसलेली असते. पाहुणे शाळा पाहायला आले की वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय पाहून होते आणि मग कोणीतरी हटकून विचारते, "हे काय? ग्वाल्हेरात होडी?" प्रश्न रास्त आहे. समुद्र इथून शेकडो कोस दूर, आणि गावातून जाणारी स्वर्णरेखा नावापुरतीच नदी. पण पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर सांक नदीवर तिघऱ्याचे धरण आहे. ग्वाल्हेर त्याच धरणाचे पाणी पिते. विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली पुण्याजवळ खडकवासल्याला पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, तसेच दरवाजे पुढे तिघऱ्यालाही बसले. हे धरण १९१७ च्या ऑगस्टात फुटलेही होते, आणि पुन्हा उभे राहिले. तेव्हा ग्वाल्हेरकरांना पाणी अगदीच परके नाही.

आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाने २०१५ साली ही होडी घेतली. त्याआधीच्या वर्षी सहलीला गेलेला आमचा एक मुलगा बुडता बुडता वाचला होता. मुलांना पोहणे, वल्हवणे, बुडणाऱ्याला बाहेर काढणे शिकवायचे, असे तेव्हा ठरले. होडी जुनीच, फायबरची, वीस फुटी, चाळीस अश्वशक्तीच्या यंत्रासह. मुख्याध्यापक या नात्याने मंडळाचे अध्यक्षपद आपोआप माझ्याकडे आले. मी एम. ए. झालेला माणूस, होडीतले मला काय कळणार? पण पदाबरोबर येणाऱ्या गोष्टींना आपण नाही म्हणत नाही, आणि त्या कळत नाहीत असेही म्हणत नाही.

होडीबरोबर तिला वाहून नेणारी गाडी आली. ट्रेलर म्हणा. एकापाठोपाठ एक असे दोन आस, चार चाके, मधे होडीच्या पोटाला टेकायला गालिचा लावलेल्या लांब फळ्या, पुढे दांडी, आणि ती दांडी जीपच्या हुकात अडकवायची. विकणाऱ्याने आम्हाला सांगितले, "साहब, डबल एक्सल है, टेन्शन ही नहीं." एक चाक बसले तरी गाडी कलंडत नाही, ओझे चौघांत वाटले जाते, खड्डे कमी जाणवतात. ऐकायला हे इतके पटण्यासारखे होते की मंडळाच्या सभेत मी ते जसेच्या तसे, फक्त मराठी करून, सांगितले.

इथे थोडे विषयांतर करतो. आपल्या सीमाभागात घरी मराठी आणि बाजारात कानडी, तसे आमच्याकडे घरी मराठी आणि बाजारात हिंदी. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याखाली छावणी टाकली, तिचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले, आणि आमची घराणी तेव्हापासून इथली. देवघरातले, स्वयंपाकघरातले, लग्नातले शब्द आम्ही जपून ठेवले. पण लोखंडाचे शब्द आम्हाला बाजाराने शिकवले. म्हणून या लेखात मिस्त्रीचे शब्द मी तसेच ठेवतो. त्यातला 'कमानी' तर दोन्हीकडचा आहे. पोलादी पट्ट्यांची एकावर एक रचलेली चळत, दोन्ही टोकांना डोळे, ती कमान. सर्वांत वरची, डोळे असलेली पट्टी म्हणजे 'मेन पट्टा'. आणि दोन कमानींच्या मधे जो एक बेताचा लोखंडी तुकडा असतो, त्याला ट्रान्सपोर्ट नगरातले आमचे मिस्त्री 'तराजू' म्हणत.

हे मिस्त्री म्हणजे सत्तरीच्या घरातले गृहस्थ. उभा जन्म ट्रकांच्या कमान्या बांधण्यात गेलेला. आमची गाडी त्यांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा होडीकडे ढुंकूनही पाहिले नाही. सरळ खाली सरपटत गेले आणि दहा मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाले, "मास्साब, ऊपर का माल अच्छा है, नीचे का देखना पड़ेगा." त्यानंतर चार वर्षे ते आम्हाला खालचेच शिकवत राहिले.

पहिल्याच मोसमात चाकांच्या दोन बेअरिंगा गेल्या. आम्ही म्हटले, माल निकृष्ट. मिस्त्रींनी विचारले, "तिघरा पहुँचकर आप लोग क्या करते हैं?" काय करणार, मुले उतावीळ असतात, जीप उलटी घेऊन गाडी थेट पाण्यात घालतो आणि होडी तरंगवतो. तिथेच चूक होती. वीस किलोमीटर पळून चाकाची तुंबी तापलेली असते, आतली हवा फुगलेली असते. ती एकदम गार पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. मग ग्रीस ताकासारखे पांढरे होते आणि बेअरिंग गंजते. उपाय काय? "चाय पीजिए." अर्धा तास थांबायचे, तुंबीला हात लावून पाहायचा, गार झाली की मग पाण्यात. तेव्हापासून तिघऱ्याच्या काठावर चहा हा आमच्या प्रशिक्षणाचा भाग झाला, आणि त्याचा खर्च आम्ही बिनदिक्कत देखभालीत टाकू लागलो.

पुढची तक्रार टायरांची. सहा-सात हजार किलोमीटरही झाले नसतील, आणि टायरांच्या कडा घासून गेल्या. याला आमच्या लष्करच्या गल्ल्या जबाबदार. एका आसाची गाडी वळते; दोन आसांची गाडी वळत नाही, फरफटते. दोन्ही आस एकमेकांना समांतर जखडलेले, आणि वर्तुळाच्या मध्याकडे एका वेळी फार तर एकच आस नेमका रोखलेला राहू शकतो. दुसऱ्याने मग आडवे घासत जायचे. दौलतगंजातून बाड्याकडे निघताना जे वळण आहे तिथे आमच्या गाडीची चाके रस्त्यावर काळे पट्टे उमटवीत जात. हा आडवा जोर नुसता टायरांवर पडत नाही, कमानीच्या डोळ्यांवर, आतल्या बुशांवर, त्यांना धरणाऱ्या हँगरांवरही पडतो. दर वळणाला थोडा थोडा. मिस्त्रींनी आम्हाला रुंद वळणाचा लांबचा रस्ता आखून दिला. मुलांना तो पसंत नव्हता, कारण त्या रस्त्यावर कचोरीचे दुकान नव्हते.

पण या सगळ्यात खरी गोष्ट होती तराजूची. ती मला समजायला वेळ लागला, आणि समजून वळायला त्याहून जास्त.

पुढच्या कमानीचे पुढचे टोक सांगाड्याला पक्के जोडलेले असते, मागच्या कमानीचे मागचे टोकही पक्के. उरलेली दोन आतली टोके मात्र सांगाड्याला जोडत नाहीत. ती दोन्ही टोके लहान पट्ट्यांनी, म्हणजे शॅकलांनी, या तराजूच्या दोन हातांना टांगतात, आणि तराजू स्वतः मधोमध एका खिळीवर झुलत असतो. बागेतल्या सीसॉसारखा. पुढचे चाक दगडावर चढले की पुढची कमान तराजूचा पुढचा हात वर ढकलते. मागचा हात तेवढाच खाली जातो आणि मागचे चाक जमिनीवर दाबून धरतो. म्हणून ओझे पुन्हा सारखे होते. आमच्या विज्ञानशिक्षकांनी फळ्यावर तरफेची आकृती काढून मला हे समजावले. ही युक्ती रस्त्याची नव्हे, रेल्वेची. फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॅरिसन नावाच्या इंजिन बांधणाऱ्याने १८३८ साली तिचे पेटंट घेतले. तिकडचे रूळ तेव्हा वेडेवाकडे, उंचसखल. ताठ इंजिनाचे एक चाक वर अधांतरी आणि दुसऱ्यावर दुप्पट भार अशी अवस्था व्हायची. त्याने चाकांच्या मधे झुलती तरफ घातली आणि इंजिने रुळांवर राहू लागली.

आता हिशेब पाहा. होडी, यंत्र, पेट्रोल, जॅकेटे, दोरखंड मिळून आमचे हजार किलो. गाडीचे स्वतःचे चारशे. त्यातले शंभर किलो जीपच्या हुकावर येतात. राहिलेले तेराशे चार चाकांत वाटले तर एकेकाला ३२५. कमान्या चाकामागे पाचशे किलोच्या बांधणीच्या, म्हणजे ऐसपैस. पण हे वाटप तराजू झुलत असेल तोपर्यंतच. तो गंजून आहे तिथे घट्ट बसला, की दोन आस असून नसल्यासारखे. एखादा उंचवटा आला की ज्या आसाखाली तो असेल त्याच्यावर सगळे तेराशे, म्हणजे चाकाला साडेसहाशे, शिवाय वर आपटण्याचा धक्का वेगळा. विकणाऱ्याचे 'टेन्शन ही नहीं' हे वाक्य त्या एका खिळीवर उभे होते, आणि ती खिळी त्याने आम्हाला दाखवली नव्हती. आम्हीही दाखवा म्हटले नव्हते.

२०१९ च्या हिवाळ्यात मिस्त्रींनी मला स्पष्ट सांगितले होते. "तराजू सूखा है. बुश खा गया है. दोनों तरफ का बदलवा लीजिए." जुन्या नायलॉनच्या बुशा काढून पितळी घालायच्या, आत ग्रीस जाण्यासाठी भोके असलेल्या खिळ्या बसवायच्या, शॅकलाच्या पट्ट्या जाड करायच्या. खर्च चार हजारांच्या आत. त्याच महिन्यात आमचे स्नेहसंमेलन होते आणि प्रमुख पाहुणे होडीचे प्रात्यक्षिक पाहणार होते. होडीचा रंग उडालेला होता. मंडळाकडे जेमतेम एका कामाचे पैसे होते. मी रंग काढून घेतला. निळा आणि पांढरा. पाहुण्यांनी होडीचे फार कौतुक केले.

मग २०२० चा मार्च आला. शाळा बंद, तिघरा बंद. आमची छोटी लाइन, ग्वाल्हेरहून श्योपुरला जाणारी ती दोन फुटी रुळांची आगगाडी, तीही त्याच वेळी थांबली आणि पुन्हा कधी सुरू झाली नाही. आता तिथे मोठ्या रुळांचे काम चालले आहे. होडीची गाडी कडुनिंबाखाली उभी राहिली ती सोळा महिने. दोन पावसाळे. डावीकडचे मागचे चाक मऊ मातीत चार बोटे रुतले, तराजू तेवढाच कलला, आणि तशाच कललेल्या स्थितीत आतून गंजत गेला. हे अर्थात मला नंतर कळले.

२०२१ च्या जूनमध्ये पावसाळ्यापूर्वीची तपासणी झाली. तपासणी म्हणजे शिपायाने टायरांत हवा भरली, मागचे दिवे लागतात का पाहिले, पाचोळा झाडला आणि वही माझ्यासमोर आणली. 'गाडी योग्य स्थितीत' असे लिहून खाली सही करायची. मी सही केली. त्या दिवशी मी ऑनलाइन वर्गांच्या हजेरीच्या सव्वीस कागदांवरही सह्या केल्या होत्या. हे समर्थन नव्हे. फक्त सही कशी होते ते सांगतो आहे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शिवपुरी-श्योपुरकडे जो पाऊस पडला तसा माझ्या आयुष्यात मी पाहिला नव्हता. सिंध नदीवर शिवपुरी जिल्ह्यात मडिखेड्याचे धरण आहे. त्याचे दरवाजे उघडावे लागले. ३ ऑगस्टला दतिया जिल्ह्यात रतनगढचा आणि लांचचा असे दोन मोठे पूल पाण्याने उचलून नेले. त्यांची चित्रफीत सगळ्या देशाने पाहिली. ग्वाल्हेर-चंबळ भागातली हजाराहून अधिक गावे पुरात सापडली. सैन्य, हेलिकॉप्टरे, बचाव दले, सगळे उतरले होते. पण नदी लांब आणि गावे पुष्कळ.

४ तारखेला सकाळी सहाला फोन आला. आमचा एक जुना विद्यार्थी सिंधकाठच्या एका गावात शिक्षक आहे, डबऱ्याच्या पुढे आत. म्हणाला, "सर, शाळेच्या गच्चीवर चाळीसएक लोक आहेत, पाणी पायऱ्यांच्या वर आले आहे. आपली होडी निघेल का?" मी म्हटले, निघेल. त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे निळा-पांढरा रंगच आला असणार.

सव्वासातला निघालो. जीपमध्ये चालक, आमचे व्यायामशिक्षक, मंडळाची चार मुले आणि मी. मुले म्हणायची सवय. सगळे तिशीतले, एकाचे केस माझ्याहून पांढरे. झाशी रस्त्याला लागेपर्यंत ठीक होते. टेकनपूर गेले. मागून अधूनमधून टक् टक् असा आवाज येत होता. व्यायामशिक्षक म्हणाले, "होडीचा पट्टा सैल असेल." उतरून पट्टा आवळला. पट्टा सैल नव्हताच, पण आवळायला काहीतरी मिळाले याचे समाधान झाले. पुढे रस्ता पाण्याने उखडला होता. एका खड्ड्यात मागचे डावे चाक आपटले आणि बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला.

जीप थांबली. डाव्या तराजूच्या मागच्या हाताला असलेल्या शॅकलाच्या दोन्ही पट्ट्या तुटल्या होत्या. मागच्या कमानीचे मोकळे टोक वर जाऊन सांगाड्यावर आदळले होते, आस तिरका झाला होता आणि टायर मडगार्डला घासून धूर निघत होता. आठ वाजून चाळीस मिनिटे झाली होती.

मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, लाकडाचा गुटका कमान आणि सांगाड्याच्या मधे घाला, साखळीने बांधा, चालण्याच्या वेगाने न्या. धाब्यावरून बाभळीचा ओंडका मिळाला, साखळी जीपमध्ये होती. एक तास त्यात गेला. पाच किलोमीटर गेलो असू, तेव्हा पुढचे डावे टायर फुटले. एका बाजूचे ओझे सगळे त्याच्यावर आले होते. जादा चाक एकच होते, ते लावले. दीड किलोमीटरवर साखळी निसटली. आता मेन पट्टाही डोळ्यापाशी चिरला होता.

दोन तास आम्ही ट्रकांना हात करत उभे राहिलो. रस्त्यावर ट्रकांची रांग होती, पण एकही रिकामा नव्हता आणि वळू शकत नव्हता. गच्चीवरच्या विद्यार्थ्याचा फोन सुरुवातीला दर वीस मिनिटांनी येत होता. नंतर येईनासा झाला. त्याच्या फोनची बॅटरी संपली असेल असे आम्ही एकमेकांना सांगितले. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसून होतो, आणि माझ्या मनात मात्र भलतेच येत होते. इथून जवळच पवाया आहे, म्हणजे जुनी पद्मावती, नागराजांची राजधानी. आमच्या विदर्भातल्या भवभूतीने 'मालतीमाधव' त्याच नगरीत घडवले. वर्गात मी हे किती वेळा सांगितले असेल. माणूस काही करू शकत नसला की त्याला येते तेवढे आठवत राहते.

शेवटी वाळूची एक ट्रॅक्टर-ट्रॉली मिळाली. सिंधच्या वाळूची ने-आण हा त्या भागातला मोठा धंदा. बरा म्हणा, वाईट म्हणा. त्या ट्रॅक्टरवाल्याने एक शब्द न विचारता ट्रॉलीत उरलेली वाळू रस्त्यावर ओतली. धाब्यावरची वीस-बावीस माणसे लागली, होडी उचलून ट्रॉलीत ठेवली, खाली तीन गाद्या. त्या ट्रॉलीला कमान्या नव्हत्याच. ती खडखडत गेली आणि पोहोचली. चार वाजून गेले होते.

गच्चीवर कोणी नव्हते. दुपारी एकच्या सुमारास सैन्याच्या होड्या येऊन सगळ्यांना घेऊन गेल्या होत्या. माणसे सगळी सुखरूप. आमच्या होडीने त्या संध्याकाळी दोन फेऱ्या मारल्या, दुसऱ्या वस्तीवरची सात माणसे, एक बाळंतीण आणि चार शेळ्या आणल्या. म्हणजे ती अगदीच वाया गेली नाही, असे वर्तमानपत्राच्या भाषेत म्हणता येईल.

पण उंचवट्यावरच्या देवळाशी एक म्हातारा बसला होता. त्याच्या दोन म्हशी गोठ्यात बांधलेल्या राहिल्या. सकाळी साडेदहापर्यंत त्या उभ्या होत्या, गच्चीवरून दिसत होत्या, तो नावाने हाका मारत होता. दावे सोडायला जायला होडी नव्हती आणि लोकांनी त्याला उतरू दिले नाही. मी शेजारी जाऊन बसलो. त्याने आमच्या होडीकडे पाहिले, मग माझ्याकडे. कोणीतरी त्याला सांगितले होते की हे ग्वाल्हेरचे मास्तर.

"मास्साब, कै बजे चले हते?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. लांबून आलेल्या माणसाला आपण विचारतो तसेच त्याने विचारले. मी म्हटले, सवासात. त्याने बोटांवर काहीतरी मोजले आणि मान हलवली. डबऱ्याहून तिथवर किती वेळ लागतो हे त्याला माझ्याहून चांगले ठाऊक होते.

पाणी उतरल्यावर गाडी ट्रान्सपोर्ट नगरात नेली. मिस्त्रींनी दोन्ही तराजू काढले. उजवा हातोड्याच्या चार ठोक्यांत निघाला. डावा गॅसने तापवावा लागला. खिळी बाहेर आली तेव्हा तिच्यावर गंजाचे कवच होते, आणि मधे बुश नावाची वस्तू उरलेलीच नव्हती. नुसता काळा चुरा. शॅकलाच्या पट्ट्यांची गोल भोके घासून अंडाकृती झाली होती. तुटलेल्या कडेत दोन रंग होते. मिस्त्रींनी बोटाने दाखवले: हा तांबूस भाग जुना, इथे चीर आधीपासून होती, हा चकचकीत भाग त्या दिवशीचा. तांबूस भाग अर्ध्याहून जास्त होता. ते मला काही बोलले नाहीत. २०१९ चेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते, असे मला तेव्हा वाटले.

मंडळाच्या बैठकीत पुष्कळ चर्चा झाली. कोणी म्हणाले, दोन आस नकोतच, एका आसाची हलकी गाडी घ्या. तिला तराजूच लागत नाही. कोणी रबराचे आस सुचवले. चौकोनी नळीच्या आत रबराचे दांडे कोंबलेले असतात, चाक वर गेले की ते पिळले जातात. कमान नाही, शॅकल नाही, गंजायचे ते कमी. परदेशात होडीच्या गाड्यांना तेच पुष्कळदा बसवतात म्हणे. पण त्यात चाकांचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही. गाडी तंतोतंत सपाट चालली तरच ओझे सारखे. जीपचा हुक उंच असला आणि दांडी वर उचलली गेली की मागचा आस भरडला जातो. आमचा हुक उंचच आहे. शेवटी जुनीच रचना ठेवली, पितळी बुशा घातल्या, पट्ट्या जाड केल्या आणि हुक चार बोटे खाली घेतला. आणि बैठकीत मी ती जूनची सही कोणाची ते सांगितले. सगळ्यांना माहीत होतेच. एकाने विषय बदलला.

आता दर जूनला आणि दर नोव्हेंबरला मी स्वतः गाडीखाली जातो. या वयात ते शोभत नाही असे घरचे म्हणतात. बाहेर येताना दोघांना हात द्यावा लागतो हेही खरे. पद्धत मिस्त्रींनी शिकवलेली. गाडी सपाट जागी उभी करायची. पुढच्या चाकाखाली एक जाड फळी घालून त्यावर ते चढवायचे, आणि टॉर्चच्या उजेडात तराजू पाहायचा. पुढचा हात वर आणि मागचा खाली झाला पाहिजे. मग फळी मागच्या चाकाखाली, आणि उलटे. मग दुसरी बाजू. मग ग्रीसची बंदूक लावून, जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे पिवळे दिसेपर्यंत दाबायचे. शेवटी टायरच्या माथ्यापासून सांगाड्यापर्यंतचे अंतर चारही चाकांशी पट्टीने मोजायचे. नववीची मुले हे काम आता माझ्याहून नीट करतात, आणि मी खाली असताना वरून सूचनाही देतात.

मिस्त्री दोन वर्षांपूर्वी गेले. दुकान त्यांचा मुलगा चालवतो.

वहीत 'योग्य स्थितीत' हा रकाना मी बंद केला. त्याऐवजी चार आकडे लिहायचे आणि खाली गाडीखाली कोण गेले होते त्याचे नाव. यंदा जूनमध्ये डावीकडचे मागचे अंतर इतर तिघांपेक्षा अर्धा इंच कमी भरले. मुलांनी दोनदा मोजले. कमान बसते आहे, असे दुकानातून सांगितले, पट्टा बदलावा लागेल. चोवीसशे रुपये. या वर्षी होडीचा रंगही पुन्हा उडाला आहे.